रोहिड्यावर लिहिलेला तोरणा

आमच्या शेडमध्ये आठ इंजिनं एकसारखी होती. विजेवर चालणारी, तपकिरी रंगाची, जड आणि हट्टी. गाडी घाट चढू लागली की तिला मागून धक्का द्यायचं त्यांचं काम. मी तिथं फिटर होतो. मार्गासनीतून नोकरीसाठी बाहेर पडलो तो या इंजिनांच्या पोटात शिरलो आणि केस पिकल्यावरच गावी परतलो.

आधी त्यांना नुसते नंबर होते. मग एक साहेब बदलून आले. दूरच्या राज्यातले होते, मराठी अडखळत बोलायचे, पण बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की नंबराच्या इंजिनाला कोणी जीव लावत नाही. नाव दिलं की माणसं जरा बऱ्या हातानं काम करतात. त्यांनी किल्ल्यांची नावं द्यायचं ठरवलं आणि सहा नावं स्वतःच लिहून आणली. राजगड, सिंहगड, रायगड, प्रतापगड, पुरंदर, शिवनेरी. उरलेली दोन कामगारांनी सांगावीत म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्हाला एकत्र बोलावलं.

माझं आजोळ वेल्ह्याचं. लहानपणी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तोरण्याच्या पायाशी गेल्या. मी हात वर करून 'तोरणा' म्हणालो. कोणाची हरकत आली नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

मग मागून आमचा पेंटर उठला. इंजिनांवरची सगळी अक्षरं त्याच्या हातची. भोरचा मुसलमान गडी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. आम्ही दोघं एकाच बाजूचे म्हणून तो मला 'गाववाले' म्हणायचा आणि मी त्याला 'पेंटर'. तो म्हणाला, "साहेब, रोहिडा लिवा."

साहेबांनी विचारलं, "हा कुठला किल्ला? मी ऐकला नाही."

"आमच्या भोरजवळचा हाय. इंग्रजी नकाशात ह्या रेल्वेच्या घाटाला भोर घाट लिवलंय. आमच्या भोरचा आन् ह्या घाटाचा काय संबंध, ते आमाला न्हाई ठावं. पर नाव आमचं वापरलंय, तर आमचा एक किल्ला तरी गाडीला लागू द्या."

साहेब हसले, बाकीचेही हसले. पेंटर मात्र उभाच राहिला. साहेबांनी रोहिडा लिहून घेतल्यावरच तो खाली बसला.

पुढच्या पंधरवड्यात त्यानं आठही इंजिनांवर दोन्ही बाजूंनी नावं लिहिली. पिवळी अक्षरं, खाली काळी सावली. आधी खडूनं आखायचा, दोरी धरायचा, मग श्वास रोखून ब्रश चालवायचा. तोरण्याचा 'ण' लिहिताना मी शेजारी उभा होतो. तो म्हणाला, "सरका जरा, तुमची सावली पडतीया." मी सरकलो, पण लांब गेलो नाही.

साहेबांचं म्हणणं खरं ठरलं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण कामाच्या वहीत आम्ही नंबर लिहायचो आणि बोलताना नाव घ्यायचो. "पुरंदरचा आवाज बरा न्हाई," "सिंहगड उद्या धुवायला घ्या," असं. तोरणा गुणाचा होता. रोहिडा नाठाळ. पावसाळ्यात एकदा घाटात दरड घसरली आणि एक धोंडा रोहिड्याला लागला. ड्रायव्हरच्या बाजूची पायरी वाकून तुटली. नवी पायरी स्टोअरमधून यायला वेळ लागणार होता, म्हणून मी भंगारातल्या नक्षीदार पत्र्याचा तुकडा कापून बसवला. पत्र्यावरची नक्षी उभी असायला हवी होती, माझी आडवी आली. फोरमन म्हणाले, चालेल. ती पायरी मग कोणी बदललीच नाही.

वर्षं गेली. घाटातल्या तारांमधली वीज बदलायचं ठरलं. आमची इंजिनं जुन्या डीसी विजेवरची. नव्या एसी विजेवर ती फूटभरही हलली नसती. नवी इंजिनं आली आणि आमची आठ शेडच्या मागच्या रुळावर नेऊन उभी केली. त्याच सुमारास मला नव्या इंजिनांचं काम शिकायला दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं. जायच्या दिवशी मी मागच्या रुळावर गेलो होतो. पेंटर तिथं राखाडी रंगाचा डबा घेऊन शिडीवर उभा होता आणि राजगडाचं नाव पुसत होता.

मी विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"भंगारवाला गॅस कटर घिऊन यील. नावावरनं कटर फिरलेला म्या बघनार न्हाई. आठी पुसतो. मग कापा म्हनावं लोखंड."

मी त्याला अडवलं नाही. मलाही तेच बरं वाटलं.

नव्या शेडमध्ये मन लागत नव्हतं. नवी इंजिनं आवाज करत नाहीत, बिघाड पडद्यावर लिहून येतो, हात काळे व्हायचे कमी झाले. मी घटकाघटकाला बाहेर जाऊन उभा राहायचो. जुन्या इंजिनांची बातमी तुकड्यातुकड्यानं यायची. राजगड आणि रायगड पहिल्यांदा गेले. सिंहगडाची ड्रायव्हरची खोली अख्खी कापून शिकाऊ ड्रायव्हरांच्या वर्गात नेऊन ठेवली. पुरंदरच्या मोटारी कुठल्याशा कारखान्यात नेल्या. प्रतापगड आणि शिवनेरी एकाच आठवड्यात संपले. मग एक दिवस पेंटरचा फोन आला.

"गाववाले, एक ठिवायचं ठरलंय. वरनं कागद आलाय. ट्रेनिंग सेंटरच्या दारात चौथऱ्यावर उभं करनार हायेत."

"कुठलं?"

उत्तर द्यायच्या आधी त्यानं माझी तब्येत विचारली. मला ते विचारणं आठवतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

"तोरणा," तो म्हणाला. "रोहिडा गेला."

मी त्याला म्हणालो, तुमचा जायला नको होता. तो म्हणाला, "असू द्या. एक तरी ऱ्हायला." त्या दिवशी मी शेडमध्ये पेढे वाटले.

निवृत्त होऊन मार्गासनीला आलो. थोडी भाताची जमीन आहे, ती भावाचा मुलगा बघतो. मला काम असं नव्हतं. सकाळी बांधावरून चालत जायचो, परत यायचो, परत जायचो. बायको म्हणायची, "अवो, जरा टेका की. तुमी फिरताय आन् चक्कर मला येतीया." गावात कोणी विचारलं की मी मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला फोटो दाखवायचो: चौथऱ्यावरचं इंजिन, पिवळी अक्षरं, तोरणा. "हे नाव मी दिलंय." माणसं फोटो मोठा करून बघायची. ट्रेनिंग सेंटर लांब, रेल्वेनं अर्ध्या दिवसाचा प्रवास. जाऊ जाऊ म्हणत चार वर्षं निघून गेली.

गेल्या साली बायकोच्या भाचीचं लग्न त्याच शहरात होतं. लग्न लागल्यावर मी तिला रिक्षात घालून सेंटरवर नेलं. दारातल्या पहारेकऱ्याला जुना पास दाखवला, त्यानं सोडलं. इंजिन नुकतंच रंगवल्यासारखं चकचकीत होतं. भोवती हिरवळ, साखळी, फुलझाडांच्या कुंड्या. बायकोनं हात जोडले. मी साखळी ओलांडून जवळ गेलो आणि सवयीनं पायरीवर पाय ठेवला.

पत्र्याची नक्षी आडवी होती.

मी पाय काढून घेतला. वाकून पाहिलं. चार कोपऱ्यांना वेल्डिंगचे टाके, त्यातला एक जाड, कारण त्या दिवशी माझा हात घसरला होता. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथली पायरी पाहिली. ती मूळची होती, नक्षी उभी. परत या बाजूला आलो. बायको म्हणाली, "काय झालं? बरं वाटत न्हाई का?" मी म्हणालो, ऊन लागलंय. तिनं माझा फोटो काढला. त्या फोटोत मी इंजिनाकडे बघत नाही, खाली बघतोय.

घरी आल्यावर मला चैन पडेना. पायरी कोणी काढून याला लावली असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण वेल्डिंगची पायरी कोण काढेल, आणि कशासाठी? ताट समोर आलं तरी माझं लक्ष नसायचं. आठव्या दिवशी मी मार्गासनीच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एसटी येईपर्यंत दम निघाला नाही, नसरापूरपर्यंत जीपनं गेलो, तिथून कापूरहोळ, तिथून भोर.

पेंटरचं घर एसटी स्टँडमागच्या गल्लीत आहे. खाली मुलाचं फ्लेक्सचं दुकान, वर ते राहतात. हातानं पाट्या रंगवणं कधीच बंद झालं. तो दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला. त्याचा उजवा हात थरथरत होता, तो त्यानं डाव्या हातानं धरला.

"अवो, गाववाले. फोन तरी करायचा."

मी खुर्चीवर बसलोच नाही. उभ्यानंच म्हणालो, "पेंटर, सेंटरच्या दारात रोहिडा उभा हाय."

त्यानं मुलाला चहा सांगायला पाठवलं.

"पायरी बघितली व्हय?" तो म्हणाला.

"तुमाला ठावं होतं?"

"माझ्याच हातानं लिवलंय. ठावं कसं नसंल?"

मग त्यानं सांगितलं. शेवटी दोन इंजिनं उरली होती, तोरणा आणि रोहिडा, एकामागं एक. तोरणा ठेवायचा असं वरून आलं होतं. पण नंबरांच्या पाट्या स्टोअरवाल्यांनी आधीच काढून नेल्या होत्या आणि नावं पेंटरनं पुसली होती. शंटिंगमध्ये इंजिनं मागेपुढे झाली होती. पुढचा रोहिडा समजून कटरवाल्यांना सांगितलं होतं, पुढचं घ्या. त्यांनी पुढचं घेतलं. पेंटर त्या दिवशी भोरला घरी आला होता. परत गेला तेव्हा तोरण्याचे चार तुकडे झाले होते.

"म्या नावं पुसली नसती, तर त्यांनी वाचलं असतं," तो म्हणाला. "अडान्याला बी वाचता आलं असतं. एवढी मोठी अक्षरं होती. म्याच पुसली."

"मग रोहिडा लिहायचं ना उरलेल्यावर."

"कागदावर तोरणा होता. शेडचे तवाचे सायब म्हनले, लिही तोरणा, कुनाला कळतंय. म्या लिवलं. आन् तुमाला फोन केला. खरं सांगायला गेलो, पर तोंडातनं निघालं न्हाई."

"माझ्याशी खोटं बोललात तुमी. मी पेढे वाटले."

"व्हय."

चहा आला. मी तो घेतला नाही. स्टँडवर जाऊन मिळेल ती गाडी धरली. त्यानंतर त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. कोणावर रागावलोय ते मला नीट सांगता येत नव्हतं. त्यानं नावं पुसली तेव्हा मी शिडीखाली उभा होतो आणि मला ते आवडलं होतं. रागात मी मोबाईलमधला इंजिनाचा फोटो काढून टाकला, मग गावातल्या ज्या पोराला तो पाठवला होता त्याच्याकडून परत मागवला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्येंनी सोताचं नाव पुसून तुमचं लिवलं. त्येंला काय कमी वाटलं आसंल का?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याचा रोहिडा वाचला होता. तो उभा होता आणि त्याच्यावर पेंटरनं स्वतःच्या हातानं दुसरं नाव घातलं होतं. गावात त्यालाही कोणी विचारत असेल, तुमचं इंजिन कुठाय, आणि तो सांगत असेल, गेलं.

दोन महिन्यांनी मी परत भोरला गेलो. या वेळी फोन करून. त्याला म्हणालो, आपण दोघं सेंटरवर जाऊ आणि नाव बदलायला सांगू. तो घाबरला.

"लोक म्हनतील पेंटरनं खोटं लिवलं."

"सायबांनी सांगितलं म्हणून लिवलं. मी बरोबर हाय ना."

"आन् मग तोरणा? त्यो तर कुठंच ऱ्हानार न्हाई, गाववाले. आत्ता निदान नाव तरी हाय."

आठ इंजिनं होती, त्यातली सात भंगारात गेली, एक उभं. मी नाव बदलायला लावलं तर माझंच जाणार होतं. तरी मी म्हणालो, चला. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि घरी बसून राहणं तर त्याहून कठीण झालं होतं.

सेंटरवर एक मॅडम होत्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये कुठेही घड्याळ पाहिलं नाही. म्हणाल्या, "काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवीन, पण कागद ठेवणार नाही. पुरावा आहे का?"

मी सांगितलं, चेसिसवर पुढच्या बफरच्या मागं नंबर ठोकलेला असतो. पाटी काढता येते, तो काढता येत नाही. त्यांनी रंग खरवडायला पॉलिश पेपर आणि पटाशी मागवली. मी गुडघ्यावर बसून रंगाचे चार थर काढले. माझा हात भरून आला तसा पेंटर म्हणाला, "द्या हिकडं," आणि त्या थरथरत्या हातानं घासू लागला. थरथरीनं घासणं सोपं होतं, असं तो म्हणाला. आकडे वर आले. मॅडमनी जुन्या रजिस्टरचा फोटो मोबाईलवर मागवला आणि जुळवून पाहिला. आठवं इंजिन. रोहिडा.

पेंटरनं आकड्यांवरून बोट फिरवलं आणि उठून बाजूला गेला. कुंड्यांपाशी पाठ करून उभा राहिला. मी त्याच्याकडे गेलो नाही.

मॅडमनी वर लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मंजुरीच्या कागदात तोरणा असल्यानं मोठं नाव तेच राहील. खाली खऱ्या इंजिनाचं नाव लहान अक्षरात लिहायला हरकत नाही. मॅडमनी फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "मी स्टिकर करून घेऊ का, की पेंटरकाका येतील?"

पेंटर नाही म्हणाला. हाताचं कारण सांगितलं. मग रात्र उलटायच्या आत त्याचा परत फोन आला, येतो म्हणून.

आम्ही गेलो. त्यानं दोरी लावली, खडूनं आखलं. ब्रश टेकवला आणि हात थरथरला. त्यानं पुसलं. परत तेच. मग म्हणाला, "गाववाले, माझं कोपार धरा." मी दोन्ही हातांनी त्याचं कोपर धरलं. त्या कोपरातून त्याची सगळी थरथर माझ्या हातात येत होती. एक एक अक्षर लिहायला फार वेळ लागला. शिकाऊ मुलं-मुली जेवायला जाता जाता थांबून बघत होती. एका मुलीनं विचारलं, "मग हे नक्की कुठलं इंजिन आहे?" पेंटर ब्रश न थांबवता म्हणाला, "लोखंड रोहिड्याचं. नाव तोरण्याचं." तिनं ते वहीत लिहून घेतलं.

'डा' जरा खाली आला. तो म्हणाला, पुसून परत करू का. मी म्हणालो, नको.

परतीच्या गाडीत मी समाधानी नव्हतो. मोठं नाव अजून चुकीचंच होतं, लहान अक्षरं चार पावलांवरून वाचता येत नव्हती, आणि ज्या तोरण्यावर मी इतकी वर्षं हात फिरवला त्याचं लोखंड कुठल्या भट्टीत वितळलं ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. पेंटर खिडकीशी बसून डुलक्या घेत होता. मी उठून दारापर्यंत जायचो, परत यायचो.

बायकोनं त्याला रविवारी जेवायला बोलवायला सांगितलं. इतक्या वर्षांत तो आमच्या मार्गासनीला कधी आलाच नव्हता. जेवला, अंगणात आला आणि समोरच्या डोंगराकडे बघून म्हणाला, "ह्योच का तोरणा?"

"न्हाई, ह्यो राजगड. तोरणा बघायला वेल्ह्याला जायला लागंल."

"म्या त्यो कधी बघितलाच न्हाई," तो म्हणाला. "नुस्ता लिवला."

मी चपला घातल्या. बायको म्हणाली, आत्ताच जेवलाय, जरा पडा. आम्ही फाट्यावर जाऊन एसटी धरली. तालुक्याचं नाव आता बदलून राजगड झालंय, पण गाडीच्या पाटीवर वेल्हे हेच होतं, आणि ते फ्लेक्सचं होतं. पेंटरनं चढताना ती पाटी वाचली.

वेल्ह्याच्या बाजारात उतरून आम्ही तहसील कचेरीच्या पुढं गेलो. वर ढग होते, पण माचीचा कडा मोकळा होता. तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला. डाव्या हातानं उजवा हात धरला होता.

"लई रुंद हाय," तो म्हणाला. "अक्षरं ऐसपैस पायजे हुती. म्या दाटून लिवली."

स्टँडवर मार्गासनीच्या गाडीनं हॉर्न दिला. पुढची संध्याकाळी होती. आम्ही दोघं म्हातारे पळतच निघालो.